जेवणानंतर रीडिंग दुप्पट: सस्पेंड-रिझ्यूममध्ये यूएसबी ड्रायव्हर कुठे गंडतो

"साहेब, जेवून आलो की रीडिंग डबल दावतंय. वायर काढून परत घातली की बरोबर येतंय. रोज न्हाई, कवातरी."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड लॅबमधून हा फोन वारंवार यायचा. 'कवातरी' येणारा बिघड सर्वात चिकट. कुणी बघायला गेलं की सगळं सुरळीत चालतं, पाठ वळली की पुन्हा फोन. ज्यांच्याकडे यूएसबीला जोडलेला कुठलाही मोजणारा बॉक्स आहे (भार मोजणारा लोड सेल, तापमानाचा लॉगर, सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचा सीरियल कन्व्हर्टर) आणि लॅपटॉप झोपून उठल्यावर (सस्पेंड म्हणजे झोप, रिझ्यूम म्हणजे जाग) तो विचित्र वागतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. आमचं मशीन लिनक्सवर आहे. विंडोजबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी मांडणी सांगतो. ग्रीन सँडचा (साच्याच्या ओल्या वाळूचा) ५० मिलीमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा नमुना ठोकून तयार करतात आणि तो दाबाखाली फुटेपर्यंत लोड सेलवर किती भार येतो ते मोजतात. या लॅबमध्ये नेहमीचा आकडा १२०० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे लोड सेलवर साधारण साडेतेवीस किलो. लोड सेलचा सिग्नल एचएक्स-७११ या चोवीस बिटांच्या चिपमध्ये जातो, तिथून छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे, तिथून यूएसबीने लॅपटॉपला. लॅपटॉपवर या बॉक्ससाठी मुद्दाम लिहून घेतलेला कर्नल ड्रायव्हर आहे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालणारा, बॉक्सशी बोलणारा प्रोग्रॅम.

जेवणाच्या सुट्टीनंतर तोच नमुना २४०० दाखवायचा. दुप्पट होतं म्हणून पकडलं तरी गेलं. दीडपट असतं तर कदाचित कुणीतरी सँड मिक्सरवर बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) कमी करायला सांगितलं असतं, आणि मग साचे ढासळायला लागले की दोष वाळूला, मोल्डरला, हवेला. माझ्या लेखी, यंत्र बंद पडलेलं परवडतं, चुकीचा आकडा बिनबोभाट दाखवणारं परवडत नाही. पुढचे सगळे निर्णय याच हिशोबाने घेतलेत.

वीज टिकली की गेली?

सस्पेंड-रिझ्यूमची तक्रार आली की बहुतेक जण थेट रिझ्यूमच्या कोडमध्ये घुसतात. त्याच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा. लॅपटॉप झोपलेला असताना त्या यूएसबी पोर्टवर पाच व्होल्ट शिल्लक होते का?

हे तपासायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. झाकण बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि बॉक्सवरचा दिवा बघा. दिवा नसेल तर त्याच पोर्टला एलईडी असलेला स्वस्तातला पेन ड्राइव्ह लावा. काही मशीन झोपेतही पोर्टला वीज देतात, काही तोडतात. आणि काही, आमच्या लॅबमधल्या लॅपटॉपसारखे, चार्जर चालू असेल तर देतात आणि बॅटरीवर असताना तोडतात. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये यासाठी वेगळी सेटिंग असते.

'कवातरी'चा उलगडा इथेच झाला. ज्या दुपारी लाईट असायची त्या दुपारी काही बिघडायचं नाही. ज्या दुपारी सुट्टीत लाईट जायची, त्या दुपारी लॅपटॉप बॅटरीवर झोपलेला असायचा, पोर्ट मेलेला असायचा आणि उठल्यावर रीडिंग दुप्पट. लॅबमधल्या मुलाला हा संबंध दिसणं शक्यच नव्हतं, कारण तो जेवून येईपर्यंत लाईट परत आलेली असायची.

यानंतर लॉग बघायचा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, लॅपटॉप उठतानाच्या ओळी काढा. (आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच टंकायची, आणि फायलीच्या रस्त्यातल्या स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ.) वीज टिकली असेल तर बॉक्सबद्दल बहुधा काहीच छापलेलं नसतं. वीज गेली असेल तर अशी ओळ दिसते:

यूएसबी १-३: रिसेट फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ५ यूजिंग एक्सएचसीआय-एचसीडी

ही 'रिसेट'वाली ओळ म्हणजे कर्नल सांगतोय की पोर्टवरची वीज मधे गेली होती, मी डिव्हाइस रिसेट करून त्याला जुनाच पत्ता दिला आहे, आता पुढचं ड्रायव्हरने बघावं. या ओळीऐवजी 'डिस्कनेक्ट' आणि पाठोपाठ 'न्यू फुल-स्पीड डिव्हाइस' दिसलं तर प्रकरण वेगळं. मग कर्नलने ते डिव्हाइस नवंच धरलेलं असतं.

लॅपटॉप नेमका कुठल्या झोपेत जातो तेही बघून ठेवा. सिस, पॉवर, मेम-स्लीप या फायलीत 'एसटूआयडल' आणि 'डीप' असे पर्याय दिसतात, चौकटी कंसात असेल तो सध्याचा. 'डीप' म्हणजे जुनी एस-३ झोप, तिथे वीज तुटण्याची शक्यता जास्त. हायबरनेटमध्ये तर पोर्टची वीज टिकेल असं धरूच नये. उलट तपासणीसाठी ते सोयीचंच पडतं: हायबरनेट करून उठवल्यावर बिघड हमखास दिसत असेल, तर आपण योग्य रस्त्यावर आहोत.

दोन जाग, एकच कोड

लिनक्समध्ये यूएसबी ड्रायव्हरला जागं करायचे दोन वेगळे रस्ते आहेत. वीज टिकली असेल तर कर्नल 'रिझ्यूम' कॉलबॅक (ड्रायव्हरने दिलेलं, कर्नलने बोलवायचं फंक्शन) मारतो. वीज गेली आणि रिसेट करावा लागला तर 'रिसेट-रिझ्यूम' मारतो. ड्रायव्हरने रिसेट-रिझ्यूम दिलेलाच नसेल तर कर्नल ड्रायव्हर सोडवतो आणि पुन्हा बांधतो. म्हणजे 'प्रोब', डिव्हाइस जोडल्यावर चालणारं फंक्शन, पहिल्यापासून चालतो, जणू वायर काढून पुन्हा घातली.

आमच्या बॉक्सच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही ठिकाणी एकच फंक्शन लावलेलं होतं. अनेक ड्रायव्हरमध्ये हे सापडेल, आणि ज्या डिव्हाइसला लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं तिथे ते चालूनही जातं. त्या फंक्शनचं काम एवढंच, की थांबवलेले यूआरबी पुन्हा रांगेत लावायचे. यूआरबी म्हणजे यूएसबीवरून डेटा मागायची चिठ्ठी. चिठ्ठ्या गेल्या, बॉक्सकडून उत्तरं यायला लागली, ॲप खूश.

पण बॉक्स कोरा झाला होता. एचएक्स-७११ला ए चॅनेलवर १२८ किंवा ६४ असा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, देता येतो, आणि वीज गेल्यावर किंवा पॉवर-डाऊन झाल्यावर ही चिप ए चॅनेल, गेन १२८ वर परत येते. आमचा लोड सेल ६४ वर चालवायचा ठरलेला. ती सेटिंग ड्रायव्हर फक्त प्रोबमध्ये पाठवत होता. वीज गेली, मायक्रोकंट्रोलरची रॅम पुसली गेली, चिप १२८ वर आली, आणि ६४ पाठवायला कुणी गेलंच नाही. म्हणून आकडा दुप्पट. म्हणूनच वायर काढून घातली की बरोबर, कारण तेव्हा प्रोब चालतो.

इथे एक बारकावा आहे, ज्याने निदान आणखी लांबतं. टेअर, म्हणजे रिकाम्या लोड सेलचा शून्य, आधीच्या गेनवर घेतलेला असतो. गेन दुप्पट झाला की भार आणि मूळचा ऑफसेट दोन्ही दुप्पट होतात, पण वजा होतो तो जुनाच टेअर. त्यामुळे रिकाम्या जागीही शून्याऐवजी काहीतरी आकडा दिसतो. लॅबमधला माणूस साहजिकच झीरोचं बटण दाबतो, आणि मग रीडिंग अगदी नेमकं दुप्पट होतं. 'झीरो केलं तरी चुकतंय' असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो. मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा दोनच्या पटीत चुकत असेल तर आधी गेनकडे बोट दाखवा, लोड सेल बदलायला काढू नका. लोड सेल असा मोजून-मापून दुप्पट बिघडत नाही.

गंमत अशी, की रिसेट-रिझ्यूम मुळात लिहिलाच नसता तर हा दोष दिसला नसता. कर्नलने पुन्हा प्रोब केला असता, गेन गेला असता, फक्त चालू ॲपला 'डिव्हाइस नाही' अशी एरर आली असती. ती एरर येऊ नये म्हणून कुणीतरी दोन्हीकडे एकच फंक्शन चिकटवलेलं दिसतं. एरर गेली, चुकीचा आकडा आला. सौदा काही फायद्याचा नव्हता.

ड्रायव्हरमध्ये काय बदललं

पहिलं काम, सेटिंग्जची प्रत ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये. गेन, सॅम्पल रेट, जे काही बॉक्सला पाठवलं जातं ते पाठवायच्या आधी इथे लिहायचं. बॉक्सला सेटिंग देणारं एकच फंक्शन, आणि ते प्रोब, रिसेट-रिझ्यूम आणि पोस्ट-रिसेट अशा तिन्ही ठिकाणांहून बोलवायचं. पोस्ट-रिसेट बरेच जण विसरतात. झोपेचा संबंध नसतानाही कुणी डिव्हाइस रिसेट केलं तर तीच कहाणी घडते.

रिसेट-रिझ्यूममधून एरर परत केली म्हणून कर्नल आपोआप पुन्हा प्रोब करेल असं मात्र धरू नका. लॉगमध्ये एक ओळ पडते, बाकी गाडी पुढे जाते. त्यामुळे 'आत्ताचा डेटा विश्वासाचा नाही' असा झेंडा (फ्लॅग) ड्रायव्हरनेच ठेवायचा, आणि सेटिंग पोहोचल्याची खात्री होईपर्यंत ॲपने रीडिंग मागितलं तर सरळ एरर द्यायची.

दुसरं, जागं झाल्याबरोबर आलेली सॅम्पल फेकून द्यायची. एचएक्स-७११ मध्ये गेन कसा ठरतो ते बघा: रीडिंग वाचताना दिलेल्या क्लॉक पल्सच्या संख्येवरून. पंचवीस पल्स दिले तर पुढचं रीडिंग १२८ ने, सत्तावीस दिले तर ६४ ने. 'पुढचं' हा शब्द महत्त्वाचा. जागं झाल्यावरचं पहिलं रीडिंग काहीही केलं तरी १२८ चंच असणार. शिवाय सेकंदाला १० सॅम्पलच्या वेगाला चिपला स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात, ८० च्या वेगाला ५०.

वीज टिकली तरी हे फेकणं सोडू नये. यूएसबी २.० च्या नियमाने सस्पेंड झालेल्या डिव्हाइसने जास्तीत जास्त अडीच मिलिअँपिअर ओढायचे असतात. ३५० ओहमच्या लोड सेलच्या ब्रिजला (आतल्या रेझिस्टरच्या जोडणीला) पाच व्होल्ट दिले की एकटा ब्रिजच चौदा मिलिअँपिअर खातो. नियम पाळणाऱ्या बॉक्सला झोपताना ब्रिजची वीज तोडण्यावाचून पर्याय नसतो, आणि चिपही तेव्हा पॉवर-डाऊनमध्ये जाते. थोडक्यात, पोर्टवर पाच व्होल्ट असले तरी लोड सेल झोपलेलाच होता. फरक इतकाच की तेव्हा फर्मवेअरची (बॉक्समधल्या प्रोग्रॅमची) रॅम शाबूत असते, म्हणून गेन पुन्हा आपोआप लागतो.

ते ४०० मिलिसेकंद रिझ्यूम कॉलबॅकच्या आत झोपून काढू नका. एका खोक्यापायी सगळा लॅपटॉप उठायला उशीर करणं बरं नाही. डिलेड वर्क, म्हणजे थोड्या वेळाने चालणारं काम, लावा, कॉलबॅकमधून बाहेर पडा, वर्क चालला की झेंडा उतरवा.

तिसरं काम सस्पेंडच्या बाजूचं. रिझ्यूममध्ये दिसणाऱ्या अनेक आजारांचं मूळ झोपताना नीट आवराआवर न करण्यात असतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये यूआरबी पूर्ण झाला की एक वर्क चालायचा आणि तोच पुढचा यूआरबी लावायचा. सस्पेंडमध्ये फक्त यूआरबी मारला जायचा. वर्क त्या क्षणी अर्ध्यात असेल तर तो मेलेल्याच्या जागी नवा यूआरबी लावून मोकळा. क्रम असा ठेवा: आधी 'झोपतोय' हा झेंडा, मग यूआरबीला पॉइझन, म्हणजे तो पुन्हा लावताच येणार नाही, मग कॅन्सल-वर्क-सिंक. रिझ्यूममध्ये याच्या उलट चालायचं. आणि तिथे यूआरबी लावताना मेमरीचा झेंडा जीएफपी-नोआयओ. साधी जीएफपी-कर्नल मागणी मेमरी मोकळी करायला डिस्कवर लिहायला जाऊ शकते, आणि ती डिस्क अजून उठलेलीच नसेल तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

टेअरचं काय करायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ड्रायव्हरने जुना टेअर परत लावावा का? माझं मत, नाही. लॅपटॉप झोपला होता तेव्हा लोड सेलवर कुणी काय ठेवलं ते आपल्याला ठाऊक नाही. वीज गेली असेल तर ॲपने रीडिंगच्या जागी 'पुन्हा झीरो करा' असं दाखवावं आणि बटण दाबेपर्यंत आकडा देऊ नये. लॅबमधल्या पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण फोन यायचे थांबले.

तपासताना फसवणारी गोष्ट

कर्नलमध्ये पीएम-टेस्ट नावाची सोय आहे. सिस, पॉवर, पीएम-टेस्ट या फायलीत फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर यांतला एक शब्द लिहायचा आणि मग सस्पेंड द्यायचा. कर्नल त्या टप्प्यापर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत फिरतो. लॅपटॉप झोपतच नाही किंवा उठतच नाही अशा तक्रारींत हे औषध रामबाण आहे, कुठल्या टप्प्यावर अडतंय ते लगेच कळतं.

आपल्या बिघडासाठी मात्र ते निरुपयोगी, किंबहुना दिशाभूल करणारं. 'डिव्हाइसेस' टप्प्यावरून परत फिरताना पोर्टची वीज तुटतच नाही. रिसेट-रिझ्यूम कधी चालतच नाही. टेस्ट दिवसभर पास होते आणि लॅबमध्ये रीडिंग दुप्पटच येतं. इथे खरी झोपच घ्यावी लागते. आरटीसी-वेक या आज्ञेने लॅपटॉपला 'मेम'मध्ये झोपवून वीस-तीस सेकंदांनी आपोआप उठवता येतं. हे एका लूपमध्ये टाका, प्रत्येक फेरीनंतर माहीत असलेल्या वजनाचं रीडिंग फायलीत लिहा. अर्ध्या फेऱ्या चार्जर लावून, अर्ध्या काढून. मधे हबही लावून बघा. स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर आणि बिनअडॅप्टरच्या हबवर निकाल वेगळे आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

झोपच लागत नसेल तर सिस, पॉवर, सस्पेंड-स्टॅट्स या फोल्डरमधली 'लास्ट-फेल्ड-डेव्ह' फाईल वाचा. कुठल्या डिव्हाइसने नकार दिला त्याचं नाव तिथेच असतं. पीएम-ट्रेस हाही एक पर्याय आहे, पण तो आपली खूण मशीनच्या घड्याळात लिहून ठेवतो आणि तारीख-वेळ भलतीच करून टाकतो. ज्या मशीनवरून डिलिव्हरी चलन निघतात त्यावर तो लावू नका.

एकसारखे दोन बॉक्स असतील तर

वीज गेल्यावर रिसेट करून आलेलं डिव्हाइस तेच आहे हे कर्नल कसं ठरवतो? डिस्क्रिप्टर जुळवून. व्हेंडर, प्रॉडक्ट, सीरियल नंबर जुळला की तेच. ज्या बॉक्सच्या फर्मवेअरमध्ये सीरियल नंबर भरलेलाच नाही, त्यांचे दोन नग कर्नलला वेगळे ओळखता येत नाहीत. लॅपटॉप झोपलेला असताना कुणी एक काढून दुसरा त्याच पोर्टला लावला तर दुसऱ्या लोड सेलला पहिल्याचं कॅलिब्रेशन लागतं. तक्रार पुन्हा तीच, 'कवातरी चुकतंय'. बॉक्स स्वतः बनवत असाल तर प्रत्येकाला सीरियल नंबर द्या. एवढ्या छोट्या कामाने पुढची मोठी डोकेदुखी वाचते.

सीरियल कन्व्हर्टरवाल्यांचा त्रास थोडा निराळा. उद्यमनगरातल्या शॉपमध्ये लॅपटॉपवरून सीएनसीला प्रोग्रॅम पाठवतात, तिथे लॅपटॉप उठल्यावर पोर्ट ०चा १ झालेला दिसतो. ॲपने जुना पोर्ट उघडाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो नंबर मोकळा होत नाही आणि नव्याने बांधलेल्या डिव्हाइसला पुढचा मिळतो. ॲपमध्ये टीटीवाय-यूएसबी ० असं नाव लिहून ठेवण्याऐवजी डेव्ह, सीरियल, बाय-आयडी खालचा रस्ता द्या. एरर आल्यावर जुना पोर्ट बंद करून तोच रस्ता पुन्हा उघडायचा, म्हणजे नंबर कुठलाही पडो, फरक पडत नाही.

दोन-तीन सेकंद रीडिंग घेतलं नाही की बॉक्स मुका होतो, झाकण बंद न करताही, असं असेल तर तो ऑटोसस्पेंड, म्हणजे रिकामं बसलेलं डिव्हाइस आपोआप झोपवणं. बॅटरी वाचवणारी टीएलपीसारखी साधनं बहुतेक यूएसबी डिव्हाइसना 'ऑटो' करून टाकतात. त्या डिव्हाइसच्या पॉवर, कंट्रोल फायलीत 'ऑन' लिहून बघा. थांबलं तर दोषी सापडला.

विंडोजवर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही हाच खड्डा आहे, फक्त नावं वेगळी. केएमडीएफमध्ये (विंडोजच्या ड्रायव्हर लिहायच्या चौकटीत) झोपेतून उठताना डी-झीरो-एंट्री चालते, प्रिपेअर-हार्डवेअर चालत नाही. वीज गेल्यावर पुसली जाणारी सेटिंग प्रिपेअर-हार्डवेअरमध्ये लावली असेल तर पहिल्या झोपेनंतर ती गायब. वापरणाऱ्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिकमार्क काढून बघावी. पॉवरसीएफजी आज्ञेला 'ए' पर्याय दिला की मशीन कुठकुठल्या झोपा घेऊ शकतं ते कळतं. आणि निळ्या पडद्यावर ०x९एफ हा कोड आला, तर कुठल्यातरी ड्रायव्हरने वीजबदलाची मागणी वेळेत पूर्ण केलेली नाही.

ड्रायव्हर दुरुस्त होऊन येईपर्यंत लॅब थांबवता येत नाही. तोवर झोपच बंद करा: लॉगइन-डी च्या कॉन्फमध्ये हँडल-लिड-स्विच 'इग्नोर' करा, आणि सिस्टिम-सीटीएलने स्लीप-टार्गेट मास्क करा. टेबलावर कायम बसलेल्या लॅपटॉपला हे चालतं. जो लॅपटॉप संध्याकाळी बॅगेत घालून घरी नेतात त्यावर मात्र हे करू नका, झाकण बंद केलं तरी तो आत चालूच राहून तापतो. अशा ठिकाणी सुट्टीआधी बॉक्सची वायर काढायची आणि आल्यावर घालायची, असा कागद टेबलावर चिकटवून द्या. शिरोलीतल्या टेबलावरचा तो कागद ड्रायव्हर बदलल्यावरही कुणी काढलेला नाही, आणि काढायला मीही सांगितलेलं नाही.